कोळशाचा अर्क आणि मागे उरलेला चोथा

प्रश्न : माझा भाचा रसायन अभियांत्रिकी शिकतो. परवा जेवताना तो म्हणाला, "मामा, दगडी कोळसा द्रावकात घालून त्याचा अर्क काढता येतो आणि त्या अर्कात राख औषधालाही सापडत नाही." कोळसा म्हणजे दगड, असेच आम्ही आजवर समजत आलो. दगड विरघळेल कसा? विरघळला तर उरलेल्या भागाचे काय होते? आणि हे खरोखर जमत असेल, तर विजेसाठी कोळसा जाळून राखेचे डोंगर कशाला उभे करायचे? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : आपल्या एका पत्रात तीन प्रश्न आहेत. पहिले दोन नीट सुटले की तिसऱ्याचे उत्तर फार दूर राहत नाही, म्हणून त्याच क्रमाने जाऊ. आधी भाच्याची बाजू घेतो. तो म्हणतो ते खरे आहे. त्याच्या वाक्यातून एकच शब्द गळला. कोळशाचा काही भाग अर्कात उतरतो. सगळी गंमत त्या 'काही'त आहे.

मराठीत कोळसा हा एकच शब्द आपण दोन निराळ्या वस्तूंना लावतो आणि बराचसा घोटाळा तिथूनच सुरू होतो. शेगडीत किंवा इस्त्रीत घालतो तो लाकडी कोळसा. लाकूड पुरेशी हवा न मिळता तापले की त्यातले वायू, तेलकट धूर आणि आंबट पाणी निघून जाते व मागे सांगाडा तेवढा उरतो. त्या सांगाड्यातून कोणत्याही द्रावकाला फारसे काही मिळत नाही, कारण काढण्याजोगे होते ते धुरावाटे आधीच गेलेले असते. दगडी कोळशाने भट्टीची आग पाहिलेली नाही. तुमच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना आहे. दलदलीतली झाडे गाळाखाली गाडली गेली, वर थरांवर थर चढले आणि तो दाब व जमिनीच्या पोटातली ऊब यांनी त्या वनस्पतींचे हळूहळू रूपांतर केले. त्यामुळे मूळच्या मेण-राळेपासून लाकडाच्या धाग्यापर्यंत पुष्कळ काही बदललेल्या रूपात अजून त्यात आहे. 'दगडी' हे विशेषण त्याच्या कठीणपणावरून आणि खाणीतून येण्यावरून पडले. त्याच्या घडणीबद्दल ते काही सांगत नाही.

दुसरा समज असा की कोळसा म्हणजे निव्वळ कार्बन. ओलावा आणि राख वजा करून मोजले, तर लिग्नाइटमध्ये कार्बन साधारण ७० टक्के, बिटुमिनस या नेहमीच्या कोळशात ८० ते ९० टक्के आणि अँथ्रासाइटमध्ये त्याहून जास्त भरतो. बाकीचा वाटा हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि गंधक यांचा. हे सारे मिळून मोठमोठे रेणू बनलेले असतात. बेंझीनसारखी कड्यांची वर्तुळे दोन-दोन, चार-चारच्या पुंजक्यांनी एकमेकांना चिकटलेली, आणि त्या पुंजक्यांना जोडणारे आखूड पूल. चहूबाजूंनी असे जोड असल्यामुळे त्याचे एक जाळे होते.

किनाऱ्यावर ओढून आणलेले मासळीने भरलेले जाळे डोळ्यांसमोर आणा. जाळ्याचा दोरा हे कोळशाचे मोठे, गुंतलेले रेणू आणि आत अडकलेली मासळी म्हणजे लहान, सुटे रेणू. मासळी दोऱ्याला बांधलेली नसते, पण जाळे घट्ट आवळलेले असेपर्यंत तिला बाहेर पडता येत नाही. कोळशातही असेच सुटे रेणू जागोजाग कोंडलेले असतात. त्याशिवाय तिसरा भाग असतो माती, वाळू आणि लोहमाक्षिकासारख्या खनिजांचा. कोळसा जळाल्यावर राख होऊन मागे राहतो तो हाच. म्हणजे कोळशात खरोखर दगड आहे तो एवढा, आणि सेंद्रिय द्रावकात तो विरघळत नाहीच. भाच्याच्या अर्कात राख का नसते, याचे उत्तर इथेच मिळाले. विरघळलेला भाग गाळून घेतला की खनिजे गाळणीवर राहतात.

आता द्रावक काय करतो ते पाहू. कोळशाची बारीक पूड बेंझीनमध्ये तासन्‌तास उकळली तरी बहुधा शेकड्याला एक-दोन भागच सुटतात. तीच पूड पायरिडीनमध्ये उकळली, तर चांगल्या बिटुमिनस कोळशाचा पाचवा किंवा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, बाहेर येतो आणि द्रव कडक काढ्यासारखा काळपट तपकिरी होतो. दोन्ही द्रव पाण्यासारखे पातळ, दोघांच्याही रेणूत सहा जागांचे एकेकच कडे. मग एवढा फरक कसा? बेंझीनच्या कड्यात सहाही जागी कार्बन असतो, पायरिडीनच्या कड्यात एका जागी नायट्रोजन असतो. त्या नायट्रोजनाकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. कोळशाच्या जाळ्याचे पदर एकमेकांना जागोजाग हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पायरिडीन आत शिरतो, आपली ती जोडी पुढे करतो आणि एका पदराने दुसऱ्याचा धरलेला हात सोडवून स्वतःच्या हातात घेतो. पदर मोकळे झाले की जाळे सैल होते आणि मासळी निसटते.

जाळे सैल होते हे केवळ अनुमान नाही, ते मोजता येते. उभ्या नळीत कोळशाची पूड घ्यायची, नळी यंत्रात गरगर फिरवून पूड तळाशी बसवायची आणि थराची उंची मोजायची. मग द्रावक घालून, पुरेसा वेळ मुरू देऊन, पुन्हा फिरवून उंची मोजायची. पायरिडीनमध्ये कित्येक बिटुमिनस कोळसे फुगून मूळच्या दुप्पट आकाराचे होतात. हरभरे रात्रभर भिजत घातल्यासारखे. हरभरा फुगतो म्हणून कोणी त्याला विरघळला म्हणत नाही, आणि कोळशाच्या जाळ्याचेही तेच आहे. ते द्रावक पिऊन फुगते, पण जागचे हलत नाही. किती फुगले यावरून जाळ्याच्या दोन गाठींमधले अंतर किती असावे, याचा हिशेब शास्त्रज्ञ मांडतात. रबराच्या अभ्यासात हीच रीत वापरतात.

विरघळणे आणि वितळणे यांतला भेदही इथेच सांगून टाकतो, कारण बोलताना आपण दोन्ही शब्द सर्रास एकाऐवजी दुसरा वापरतो. मेण उष्णतेने वितळते, साखर पाण्यात विरघळते. कोळसा तापवून निघणारे डांबर हा तर तिसराच प्रकार. तिथे उष्णतेने रेणू तुटतात आणि तुटलेल्या तुकड्यांची वाफ थंड होऊन डांबर जमते. १८५६ मध्ये लंडनच्या कोवळ्या विल्यम पर्किनने ज्या अ‍ॅनिलिनपासून जांभळा रंग बनवला, ते मूळचे अशा डांबरातूनच मिळायचे. पण ते पदार्थ त्या रूपात कोळशात बसलेले नव्हते, भट्टीने ते घडवले. साध्या तापमानाला काढलेल्या अर्काचे मोल हेच आहे की तिथे तोडफोड जवळजवळ होत नाही. कोळशात जे होते, ते बऱ्याच अंशी जसेच्या तसे हाती येते. म्हणून गेली शंभर वर्षे कोळशाची घडण समजून घेऊ पाहणारा जवळपास प्रत्येक संशोधक केव्हा ना केव्हा द्रावकाच्या बाटलीकडे वळलाच.

त्यांतले एक नाव महाराष्ट्राला वेगळ्याच कारणाने परिचित आहे. १९१३ मध्ये इंग्लंडमध्ये क्लार्क आणि व्हीलर यांनी कोळशाचे पायरिडीन व क्लोरोफॉर्मच्या साहाय्याने तीन भाग पाडले. पायरिडीनमध्ये न सुटणारा तो अल्फा, पायरिडीनमध्ये सुटतो पण क्लोरोफॉर्ममध्ये सुटत नाही तो बीटा, आणि दोन्हींत सुटतो तो गॅमा. याच व्हीलर यांच्यासोबत १९१८ मध्ये कोळशाच्या घडणीवर ग्रंथ लिहिला तो मेरी स्टोप्स यांनी. होय, संततिनियमनाच्या चळवळीतल्याच या मेरी स्टोप्स. त्यांचे मूळ शास्त्र जीवाश्म वनस्पतींचे. कोळशाच्या पट्ट्यांना त्यांनी १९१९ मध्ये दिलेली चार नावे भूशास्त्राचे विद्यार्थी आजही शिकतात. लंडनमध्ये त्यांनी आपले केंद्र काढले ते १९२१ मध्ये, आणि त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी आपले. कोळशाच्या पुडीपासून इथवर येणारी ही वाट मला फार आवडते, म्हणून एवढा वळसा घेतला.

परत द्रावकाकडे येतो. पायरिडीनने चौथा हिस्सा निघतो, तर त्याहून जास्त का काढू नये, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. १९८८ मध्ये जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात मासाशी ईनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन द्रावक समप्रमाणात मिसळले. एक कार्बन डायसल्फाइड, दुसरा एन-मिथाइल पायरोलिडोन, म्हणजे एनएमपी. दोघेही एकेकटे वापरले तर बेताचेच काम करतात. एकत्र येताच काही बिटुमिनस कोळशांतून ४० ते ६५ टक्के भाग बाहेर आला, आणि तोही उकळी न आणता, खोलीच्या तापमानाला. कार्बन डायसल्फाइडचा रेणू लहान आणि चपळ आहे, तो चिंचोळ्या फटींत झटकन शिरतो आणि एनएमपीला वाट करून देतो. एनएमपी मग पदरांमधली पकड सोडवतो, असा याचा एक उलगडा दिला जातो.

पुढची गोष्ट आणखी नवलाची. अमेरिकेतल्या अपर फ्रीपोर्ट नावाच्या कोळशातून या मिश्रणाने ६० टक्क्यांच्या आसपास अर्क निघत होता. त्यात टेट्रासायानोएथिलीन नावाचे रसायन कोळशाच्या अवघा शेकडा एक भाग घातले, तर अर्क ८५ टक्क्यांवर गेला. पुढे लिथियम क्लोराइडसारख्या साध्या क्षाराच्या चिमटीनेही तशीच वाढ दिसली. आता विचार करा. जाळ्याच्या गाठी जर पक्क्या रासायनिक बंधांच्या असत्या, तर एवढ्याशा क्षाराने त्या सुटल्या नसत्या. मग या कोळशात दोऱ्याचे अखंड जाळे आहेच का? की मोठे-लहान रेणू एकमेकांत गुरफटून, एकमेकांना नुसते बिलगून बसले आहेत? यावर शास्त्रज्ञांत कडाक्याचा वाद झाला. माझ्या मते त्याचे शहाणपणाचे उत्तर असे, की सगळ्या कोळशांना एक नियम लावू नये. काहींत पक्के जाळे जास्त, काहींत नुसती गुंतवळ जास्त.

कोणत्या कोळशातून किती अर्क निघेल हे त्याच्या वयापेक्षा तो किती 'मुरला' यावर ठरते. लिग्नाइट अजून कच्चा असतो. त्यात ऑक्सिजन भरपूर, पदरांमधली पकड निराळ्या तऱ्हेची, आणि या मिश्रणाला तो थोडकेच देतो. अँथ्रासाइट अती मुरलेला. त्याची कडी थरांवर थर लावल्यासारखी घट्ट बसतात आणि द्रावक दारातूनच परत येतो. मधोमध, कार्बन ८६ टक्क्यांच्या आगेमागे असलेले कोळसे सर्वांत उदार. नेमके हेच कोळसे भट्टीत उत्तम कोक देतात, आणि हा योगायोग नाही. ते पुढे येईलच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, उरलेल्या भागाचे काय होते. अर्क काढून उरतो त्याला इंग्रजी पुस्तकांत भारदस्त नाव असले तरी आपला 'चोथा' हा शब्द त्याला चपखल बसतो. आणि चहाच्या चोथ्याप्रमाणेच तो मूळ वस्तूपेक्षा पुष्कळ बदललेला असतो.

पहिला बदल आकाराचा. खाणीतला कोळसा कोट्यवधी वर्षे वरून दाबला गेलेला असल्यामुळे त्याचे रेणू थराला समांतर, आडवे दडपलेले असतात. द्रावक शिरताच तो थराच्या आडव्या दिशेपेक्षा उभ्या दिशेला जास्त फुगतो. नंतर द्रावक काढून घेतला तरी कोळसा पहिल्यासारखा दबत नाही. ज्या आवळलेल्या अवस्थेत डोंगराने त्याला ठेवले होते ती एकदा मोडली की मोडलीच. आतल्या फटी आणि छिद्रे बदलतात. दुसऱ्यांदा द्रावक घातला की तो आधीपेक्षा लवकर आत शिरतो.

दुसरा बदल प्रयोगशाळेतल्या माणसाला घाम फोडणारा. द्रावक चोथ्यातून सहजी निघत नाही. एनएमपी तर २०२ अंश सेल्सिअसला उकळणारा, आणि कोळशाला तो असा धरून बसतो की धुऊन, निर्वात भट्टीत वाळवूनही त्याचा अंश राहतो. कधी कधी अर्क व चोथा मिळून वजन मूळ कोळशापेक्षा जास्त भरते! नवखा विद्यार्थी तराजूवर संशय घेतो, पण तराजूचा त्यात दोष नसतो. आणखी एक खबरदारी. ताजा कोळसा आणि हवेत पडून राहिलेला कोळसा यांचा अर्क सारखा निघत नाही. हवेतल्या ऑक्सिजनने कोळसा हळूहळू बदलतो. म्हणूनच अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेने आठ निवडक कोळशांचे नमुने काचेच्या कुप्यांत नायट्रोजन भरून बंद करून ठेवले, म्हणजे जगभरच्या संशोधकांना एकाच वस्तूवर काम करता यावे.

तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा, कारण पोलादाचा सारा धंदा त्याच्याशी बांधलेला आहे. कोक होणारा कोळसा हवेशिवाय तापवला की सुमारे ४०० अंशांच्या पुढे मऊ पडतो, चिखलासारखा होतो, त्यात बुडबुडे येतात आणि मग तो घट्ट होऊन सच्छिद्र पण भक्कम ढेकूळ बनते. झोतभट्टीत लोखंडाच्या खनिजाचे ओझे पेलायला असेच ढेकूळ लागते. कोळशाला मऊ करते कोण? तीच आत कोंडलेली मासळी. सुटे रेणू तापल्यावर वंगणासारखे काम करतात आणि मोठ्या रेणूंना सरकू देतात. अर्कावाटे ते काढून घेतले, की चोथा भट्टीत तापवला तरी चिकटत नाही, भुकटीची भुकटी राहतो. क्लार्क आणि व्हीलर यांच्या काळापासून गॅमा भागाकडे बोट दाखवले गेले ते याचसाठी. उलट काढलेला अर्क एखाद्या न चिकटणाऱ्या कोळशात मिसळला, तर त्याला चिकटपणा येऊ शकतो. अर्काचा उपयोग आज जिथे खरा दिसतो, तो हा.

मोठ्या प्रमाणावर अर्क काढायचा, तर खोलीच्या तापमानावर भागत नाही. जर्मनीत १९३० च्या दशकात पॉट आणि ब्रोश यांनी कोळसा ४०० अंशांच्या वर, मोठ्या दाबाखाली टेट्रालिनसारख्या द्रावकात शिजवला. इतक्या उष्णतेत जाळ्याचे पूलच तुटतात. टेट्रालिन आपला हायड्रोजन त्या तुटलेल्या टोकांना देतो, म्हणजे ती पुन्हा जुळत नाहीत. अशाने कोळशाचा बहुतांश भाग विरघळतो आणि गाळल्यावर राख शेकड्याला काही शतांश एवढीच राहते. या अर्कापासून केलेला कोक अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीत विद्युतदांड्यांसाठी वापरला गेला. तिथला कार्बनचा दांडा झिजत जातो आणि त्यातली राख थेट धातूत उतरते, म्हणून निर्मळ कार्बनला तिथे किंमत होती. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेने अलाबामातील विल्सनव्हिल आणि वॉशिंग्टन राज्यातील फोर्ट लुईस येथे याच वाटेचे चाचणी कारखाने चालवले. तेल स्वस्त झाले आणि ती वाट ओस पडली. या शतकाच्या सुरुवातीला जपानने ३६० ते ३८० अंशांना, हायड्रोजन न वापरता, राख ०.०२ टक्क्यापेक्षा कमी असलेला 'हायपर-कोल' बनवला. तो थेट वायूच्या टर्बाइनमध्ये जाळावा ही मूळ कल्पना होती. पुढे लक्ष वळले ते कोकच्या मिश्रणात चिकटपणासाठी तो घालण्याकडे.

एक जुना आणि साधा उपयोग मात्र शतकाहून अधिक काळ टिकला. जर्मनीतल्या आम्सडॉर्फ इथल्या लिग्नाइटमध्ये प्राचीन झाडांचे मेण भरपूर आहे. द्रावकाने ते काढून मोंटान मेण म्हणून विकतात. ज्यांनी कार्बन पेपर घालून टंकलेखन केले आहे, बुटांना पॉलिश केले आहे, त्यांच्या बोटांना हे मेण बहुधा लागून गेले आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न. हा मी हिशेबानेच सोडवतो. आपल्याकडच्या वीजकेंद्रांच्या कोळशात राख ३५ ते ४५ टक्के असते. १०० किलो कोळसा घ्या. हिशेबापुरती राख ४० किलो धरा, ओलावा सोडून द्या. जळणारा भाग उरला ६० किलो. द्रावकाने त्यातला निम्मा काढला असे उदारपणे धरू, कारण वर्धा खोऱ्यातला कोळसा कोक होणाऱ्या जातीचा नाही आणि एवढा अर्क तो सहज देणार नाही. अर्क ३० किलो, राखेविना. चोथा ७० किलो, आणि राख सगळी त्यातच, म्हणजे ४० किलो. त्या चोथ्यात राखेचे प्रमाण ५७ टक्के झाले. तो जाळणे बॉयलरला जड, आणि टाकायचा म्हटले तर निम्मे जळण वाया. राख कुठेही गेली नाही, फक्त एका ढिगाऱ्यात गोळा झाली.

मग द्रावकाचा हिशेब. कोळशाच्या दहापट द्रावक वापरला आणि दर खेपेला त्यातला शंभरातला एकच भाग चोथ्यात अडकून वा उडून गेला, तर एक टन कोळशामागे १०० किलो द्रावक गेला. हाती आलेला अर्क ३०० किलो. वीज करण्यासाठी जाळायच्या वस्तूला हा खर्च पेलत नाही. शिवाय ही रसायने घरगुती नाहीत. कार्बन डायसल्फाइड १०० अंशांच्या आसपास नुसत्या तापलेल्या पृष्ठभागाने पेट घेतो, बेंझीन कर्करोगाला कारण होते, एनएमपी गर्भाला घातक मानला जातो. भाच्याला हौस असली तरी हा प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच, शिक्षकांच्या देखरेखीखाली करू द्या.

कोणी म्हणेल, निदान हवेतला कार्बन डायऑक्साइड तरी कमी होईल. तोही समज सोडलेला बरा. अर्क हा कार्बनचाच आहे, जळल्यावर त्याचाही कार्बन डायऑक्साइडच होतो. गंधकाचेही अर्धेच काम होते. लोहमाक्षिकातले गंधक चोथ्यात राहते, पण रेणूंना जोडलेले सेंद्रिय गंधक अर्काबरोबर येते. आसामच्या कोळशात हेच सेंद्रिय गंधक पुष्कळ आहे.

मात्र म्हणून आपल्या देशाने हा विषय सोडून द्यावा असे मला वाटत नाही. कोक होणारा चांगला कोळसा आपण मोठ्या प्रमाणावर परदेशातून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून आणतो. आपल्या गोंडवन कोळशात माती इतकी बारीक मिसळलेली असते की पाण्याने धुऊन ती पुरती निघत नाही. जमशेदपूरला टाटा स्टीलच्या संशोधकांनी एनएमपीमध्ये थोडे इथिलीनडायअमीन मिसळून कोळशाची राख कमी करण्यावर काम केले आहे, दिल्लीच्या आयआयटीतही या विषयावर दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. कोकचा कोळसा महाग आहे, विजेच्या कोळशासारखा मातीमोल नाही. तेव्हा भाच्याला माझा निरोप द्या, की राखेचा डोंगर द्रावकाने हलणार नाही. कोळसा खाणीजवळ धुणे, धुरातली राख नीट पकडणे, ती विटांत आणि सिमेंटमध्ये घालणे, तळ्यांवरची राख ओली व झाकलेली ठेवणे, हेच तिथले उपाय. अर्काची जागा पोलादाच्या भट्टीत आणि कार्बनच्या धंद्यात आहे.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत ठिबकमधून ह्युमिक सोडतो. दुकानदार म्हणाला, ते कोळशापासून बनते. खरे आहे का? (एक शेतकरी, निफाड)

उत्तर : खरे आहे. बाजारातले पुष्कळसे ह्युमिक कच्च्या, हवा लागलेल्या लिग्नाइटपासूनच काढतात. लिग्नाइट मुरलेला नसल्यामुळे त्यात आम्लगुणाचे रेणू भरपूर असतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात ते क्षार बनून उतरतात. तेच पोटॅशियम ह्युमेट, तुमच्या डब्यातला काळा द्रव किंवा चकचकीत पूड. वर सांगितलेल्या द्रावकांपेक्षा ही रीत वेगळी. इथे रेणू आधी अल्कलीशी क्रिया करतात आणि मगच पाण्यात जातात. तुमच्या चुनखडीच्या मातीत ते अन्नद्रव्ये धरून ठेवायला मदत करते, पण ते स्वतः खताची जागा घेत नाही.

हा अर्क अल्कलीच्या जोरावर पाण्यात टिकून असतो. आम्ल मिळाले की तो फुटतो आणि तपकिरी गाळ होऊन खाली बसतो. कॅल्शियमशी गाठ पडली तरी तसेच. म्हणून ज्या दिवशी नळ्या साफ करायला आम्ल सोडाल किंवा कॅल्शियम नायट्रेट द्याल, त्या दिवशी ह्युमेट सोडू नका. मध्ये साध्या पाण्याने नळ्या धुऊन घ्या, नाहीतर तोट्या बुजतील.